हन्नाबी येईपर्यंत ठेवलेलं तबक

बेळगावच्या आमच्या जुन्या शेजारणीचा, काशव्वाचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या घरात आईच्या साड्या पिशवीत भरत होते. आई उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून दर रविवारी ती पिशवी काढायची, साड्या भरायच्या आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात लावायच्या, असं चाललं होतं. रडू आलं नव्हतं. येईल येईल म्हणून मी वाटही बघितली, मग तेही सोडून दिलं.

"पोरी, घर सोडतोय आम्ही," काशव्वा म्हणाली. "माग इकले सगळे. पोरगा हुबळीला न्हेतोय. सामान निघालं. तुमचं ते तबक तेवढं माळ्यावर ऱ्हायलंय." मग जरा थांबून तिनं तेच विचारलं, जे मी परकरात होते तेव्हापासून ती विचारत आली आहे. "आला का गं तुमचा हन्नाबी?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग तूच ये. लवकर ये."

दुसऱ्या दिवशी बेळगावची गाडी धरली. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली, वंटमुरीचा घाट आला. खिडकीतून सगळं दिसत होतं आणि आत काही उतरत नव्हतं. नव्याचा सण होऊन गेला होता आणि दारफळणीचा यायचा होता. आमच्या लोकांच्या या मधल्या दिवसांत माणसानं मागे वळून बघावं, कुणाला दुखावलं असेल तर जाऊन माफी मागावी, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी कुणाला दुखावलं होतं की नाही, हेही मला त्या दिवसांत आठवत नव्हतं.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातून कधीतरी वर आलेली ही मराठी ज्यू माणसं. बेळगावात आमची घरं आधीच थोडी, आणि खासबागेच्या त्या विणकरांच्या गल्लीत तर आमचं एकच. तरी गल्लीला आमचे सण पाठ होते. कारण सणांची नावं गल्लीच्याच भाषेत होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. दारफळणी म्हणजे दारं लावून घेण्याचा दिवस. त्या दिवशी आमच्या घराची दारं दिवसभर बंद असायची. आम्ही पांढरे कपडे घालून आत उपाशी बसायचो आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, हळू आवाजात प्रार्थना म्हणायचे. बाहेर शेजारच्या घरातले माग खटाक-खट, खटाक-खट चालायचे. आप्पांची प्रार्थना त्या तालावर कधी चढायची ते त्यांनाही कळायचं नाही. काशव्वा मुलांना दारापासून हाकलायची, "गप ऱ्हावा रं, आज त्यांचा देव हिशोब बघतोय."

त्या गल्लीचा वास अजून नाकात आहे. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, रंगाच्या हौदाची वाफ, आणि पावसाळ्यात दोन्हींत मिसळलेला ओल्या भिंतींचा वास. काशव्वाच्या घरी खड्ड्याचा माग होता, नंतर यंत्राचे आले. खड्ड्यात पाय सोडून ती बसली की कमरेपासून वरची काशव्वाच दिसायची. मला बरेच दिवस वाटायचं की ती तेवढीच आहे.

आमच्या घरातला वास मात्र मलिद्याचा होता. कुणाची नोकरी लागली, कुणी आजारातून उठलं, कुणी परीक्षेत पास झालं, की आमच्यात मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर खजूर आणि फळं. हे सगळं एलियाहू हन्नाबीच्या नावानं. हन्नाबी म्हणजे आमचा संदेष्टा, जो मेलाच नाही, जिवंतच वर गेला. शेवटच्या दिवसांत मशीहा येणार, जगाची विस्कटलेली घडी नीट बसवणार, आणि त्याच्या आधी त्याची वर्दी द्यायला येणार तो हन्नाबी. तिकडे अलिबागेजवळ एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे म्हणतात. आईनं ती लहानपणी बघितली होती. "चाक केवढं होतं?" मी विचारायची. "टांग्याएवढं," आई सांगायची, आणि माझी निराशा व्हायची.

मलिदा करायचा तो एका मोठ्या पितळी तबकात. काठावर द्राक्षाची वेल कोरलेली, आणि उचलायला दोन हात लागायचे. ते आईच्या माहेरचं. आईला एक मोठी बहीण, तिला सगळे आक्का म्हणायचे, मी आक्कामावशी. मावशी निपाणीला असायची, तिचे यजमान तंबाखूच्या वखारीत कामाला. तिच्या लुगड्यांना तंबाखूचा कडवट वास यायचा आणि तो मला आवडायचा. मलिदा तीच करायची. आई बाजूला बसून खोबरं खवायची आणि दर खेपेला तेच म्हणायची, "आक्का, वेलदोडा लई घालतीस तू." मावशी दर खेपेला आणखी एक चिमूट घालायची.

त्या तबकावरून दोघींचं का बिनसलं ते मला नीट कळलं नाही. कुणीतरी काही बोललं, कुणीतरी ते धरून ठेवलं. मला एवढंच आठवतं की स्वयंपाकघरात दोघी तबकाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या आणि दोघींचे हात काठावर होते. त्यानंतर पुण्याहून बाबा आले. बाबा म्हणजे आईचे चुलते. सणांना येऊन आमच्याकडच्या प्रार्थना तेच चालवायचे. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि म्हणाले, "जुनी रीत आहे आपली. वस्तू कुणाची ते ठरत नसेल तर ती तिसऱ्याकडं ठेवावी. हन्नाबी येईल तेव्हा तोच सांगेल."

दोघी एकदम "चालंल" म्हणाल्या. त्या भांडणात दोघींचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

तिसरी सापडली काशव्वा. जुन्या नऊवारीत गुंडाळून तबक तिच्या माळ्यावर गेलं. तो येईपर्यंत कुणालाही द्यायचं नाही असं तिला बजावलं गेलं आणि तिनं ते आपल्या देवाची शपथ घेऊन कबूल केलं. काशव्वाला तिच्या देवापेक्षा आमच्या हन्नाबीची काळजी जास्त लागली ती तेव्हापासून. अनोळखी माणूस गल्लीत शिरला की ती विचारायची, "ह्योच का रं?"

आता यातली गंमत लहानपणी मला कळली नव्हती. ज्या तबकात मलिदा करून हन्नाबीला बोलवायचं, तेच तबक हन्नाबी येईपर्यंत कुलूपबंद. त्यानंतर आमच्याकडं मलिदा परातीत व्हायचा. आई करायची. त्यात वेलदोडा इतका कमी असायचा की पोहे नुसते गोड लागायचे. कुणी काही म्हणायचं नाही, सगळे खायचे.

आप्पांना मशीहाचा नाद होता. काही माणसांना आकड्यांचा असतो तसा. रेल्वेतली ड्युटी करून आले की ते पवित्र शास्त्र, कॅलेंडर आणि रेडिओवरच्या बातम्या यांची मोट बांधून बसायचे. कुठं लढाई पेटली, कुठं भूकंप झाला, की त्यांचा चेहरा उजळायचा. "यंदा नक्की," ते म्हणायचे. काशव्वाचे यजमान परसातल्या कुंपणापलीकडून विचारायचे, "काय आप्पा, यंदा व्हय?" आप्पा मान हलवायचे. मग वर्ष सरायचं, आप्पा एक चूक शोधून काढायचे आणि नवं साल सांगायचे. या भागातल्या माणसाला निकालाची वाट बघायची सवयच. चौकातली माणसं आप्पांना चिडवायची, सीमेचा निकाल आधी लागतोय की तुमचा मशीहा आधी येतोय, लावा पैज. आप्पाही हसायचे. त्या हसण्यात राग नव्हता, कारण त्यांची खात्री होती.

आईला आकडे कळत नव्हते. पण आप्पांचं "यंदा" तिला पुरायचं. दारफळणीच्या आदल्या दिवशी ती सकाळीच डोक्यावरून न्हायची, बरी साडी नेसायची, पिशवीत केळी घालायची. निपाणीला जाऊन आक्काला भेटायचं, झालं गेलं मिटवायचं, असं ठरलेलं असायचं. मला शाळा नसायची, मीही तयार होऊन बसायची. ऊन उंबऱ्यावरून आत सरकायचं. आई एकदा दारात जायची, एकदा चुलीपाशी. मग म्हणायची, "आप्पा म्हणतात यंदा येणारच हाय. तोच सांगंल की कुणाचं ते. मी आधी गेले तर ती म्हणणार, बघा, चूक हिचीच हुती." केळी आम्ही उपास सुटल्यावर खायचो.

एका वर्षी हे बाबांच्या कानावर गेलं. बाबा सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी आधी ते आप्पांवर बरसले. "मोजू नये म्हणून बजावलंय आपल्यात. मोजणाऱ्याचं साल चुकतं, आणि ते चुकलं की माणसं म्हणतात तो येणारच न्हाय. वाट बघावी, तारीख लावू नये." मग बाबा आईकडं वळले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाले, जुनेजाणते यावरच भांडलेत. कुणी म्हणतं त्याची वेळ ठरलेली आहे. कुणी म्हणतं माणसं ज्या दिवशी खरोखर पस्तावून मागं फिरतील, त्याच दिवशी तो येईल. देव म्हणतो तुम्ही आधी वळा. आपण म्हणतो तू आम्हाला आधी वळव. "दोघं दाराच्या दोन बाजूंना बसलेत, दीना. देवाचं मला म्हाईत न्हाय. पण देवाच्या आधी माणसाकडं जावं लागतं. तिथली माफी तो परस्पर देत न्हाय."

आई पदराशी चाळा करत होती. "जाईन की," म्हणाली. गेली नाही.

मग ती दुपार. ती मला खळीच्या वासासकट आठवते, पण आजवर मी तिला एक साधी दुपार समजत होते. आप्पा ड्युटीवर होते. काशव्वा मागच्या दारानं आली, हातात झाकलेली वाटी. "आमच्यात पूजा हुती, परसाद हाय," असं म्हणून वाटी ठेवली आणि तिथंच उभी राहिली. काशव्वा उभी राहिली की पूर्ण दिसायची, म्हणून लक्षात राहिलं. वाटीत गोड पोहे होते, खोबरं घातलेले. आईनं एक घास घेतला. मग दुसरा घेतला नाही, नुसती बसून राहिली. मी मागितले तर मला चिमूटभर दिले. वास तोंडात इतका भरला की मी म्हटलं, "केवढा वेलदोडा!" आईनं माझ्याकडं बघितलं आणि मग सगळी वाटी संपवली, सावकाश, एकेक पोहा करत. वाटी घासली, पुसली. रिकामी वाटी परत देत नाहीत म्हणून तीत खजूर भरले, आणि काशव्वाला मागच्या दारापर्यंत पोचवायला गेली. तिथं दोघी काही बोलल्या. नंतर आईनं केस विंचरले, साडी बदलली आणि ती पुढच्या दारात बसली. दिवे लागले तरी बसलेलीच. पलीकडं माग चालू होते. मी विचारलं, कुणी येणार आहे का? "कुणास ठाऊक," आई म्हणाली.

पुढं थोड्याच दिवसांत मावशी मुलाबरोबर इस्रायलला गेली, तिकडं दिमोना गावी. आमच्यातली बरीच माणसं तेव्हा जात होती. निरोपाला आई गेली नाही. त्यानंतर तिनं दारफळणीच्या आदल्या दिवशी बरी साडी नेसणं बंद केलं. मावशीचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जायची. आप्पा गेले, बाबा गेले, मी निपाणीत नोकरीला लागले आणि आईला माझ्याकडं आणलं. बस स्टँडकडं जाताना मावशीची जुनी गल्ली लागायची. आई तिथून मान खाली घालून जायची. उन्हाळ्यात ती गेली तेव्हा मी दिमोनाला फोन केला. मावशी फक्त "हूं" म्हणाली. मी पण जास्त काही बोलले नाही. मला वाटलं, ही बाईही माझ्यासारखीच दगड झाली आहे.

खासबागेत उतरले तर गल्लीत आवाज नव्हता. सगळ्यात आधी तेच खटकलं. काशव्वाच्या घरात मागांच्या जागी जमिनीवर चौकोनी डाग होते, आणि एका कोपऱ्यात तो जुना खड्डा, फळ्यांनी झाकलेला. काशव्वा त्याच्या कडेवर बसली होती, आता सुरकुतून लहान झालेली. समोर नऊवारीत गुंडाळलेलं तबक. मुलानं खाली काढून ठेवलं होतं.

"हे घे," ती म्हणाली. "न्हाय, थांब. आधी ऐक."

मी तिच्यासमोर बसले.

"तुज्या आईनंच सांगितलेलं मला. तुमच्यात दारं लावायच्या आधी, ज्याचं काय बिघडवलंय त्याच्याकडं जाऊन यायचं. देवाचं नंतर. आता ती तर गेली. कुणाकडं जाऊ मी? म्हणून तुला बोलावलं."

मग तिनं सांगितलं. त्या दुपारी वाटी पूजेची नव्हती. आक्कामावशी निपाणीहून आली होती आणि इथं, या खड्ड्याच्या कडेला बसली होती. परदेशी जायचं ठरलं होतं. आमच्या घराची आणि या घराची भिंत एकच. मावशीनं तबक खाली काढायला लावलं, त्यात स्वतःच्या हातानं मलिदा केला, आणि एक वाटी भरून काशव्वाला म्हणाली, "दीनाला परसाद म्हणून दे. वळखलं तर येईल ती. न्हाय वळखलं तर काय बोलू नकोस."

"आईनं ओळखलं होतं," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं, की हे मला आता कळत होतं.

"व्हय की! दारात मला म्हणाली, तिला सांग, वेलदोडा लई झालाय. आणि सांग, पुढचं दार उघडं हाय. हसत हुती गं. तुज्या आईला मी तसं हसताना कवा बघितलं नव्हतं." काशव्वानं पदरानं तोंड पुसलं. "मी वाटी घिऊन आले तर पुढं दारात साड्या न्यायला येपारी उभा. त्याला माल दाखवा, घड्या घाला. त्यात गुंतले. घटकाभरच गं. आत येऊन बघते तर आक्का न्हाय. तबक धुऊन, गुंडाळून ठेवलेलं. गाडीची येळ झाली म्हणून मागच्या दारानं गेली असंल. तिला वाटलं असंल, वळखलं न्हाय म्हणून."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी तुज्या आईनं इचारलं, काय म्हणाली आक्का? माजी जीभच उचलंना. निरोप दिलाच न्हाय असं कसं सांगू? म्हटलं, काय बोलली न्हाय." काशव्वा तबकाकडं बघत होती. "खोटं न्हवतं. पण खरं बी न्हवतं. उद्या सांगू, परवा सांगू करत ऱ्हायले. म्हटलं तुमचा हन्नाबी येतोयच की, त्यो सांगंल."

ती वाकून माझ्या पायांना हात लावायला गेली. मी तिचे हात धरले. रागवावं असं वाटलं, पण राग आला नाही. आई दिवे लागेपर्यंत दारात बसली होती, एवढंच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. मी काशव्वाला म्हटलं, "झालं. माझ्याकडून झालं." आईच्या वतीनं असं म्हणता येतं की नाही, मला माहीत नाही. विचारायला बाबा नाहीत.

आणि मग, ज्या घरात सगळे कुणाच्या तरी येण्याची वाट बघत बसले, तिथंच बसून मी दिमोनाला फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला. मावशीनंच उचलला.

"मावशी," मी म्हटलं, "आईचा एक निरोप द्यायचा राहिला होता."

तिकडं कुणीतरी लांब हिब्रूत बोलत होतं, बहुधा टीव्ही.

"खासबागेतनं बोलतेय. तुझी वाटी पोचली होती, त्या दुपारी. आई म्हणाली होती, आक्काला सांग, वेलदोडा लई झालाय. आणि पुढचं दार उघडं आहे."

टीव्ही बंद झाला. मला तिचा श्वास ऐकू येत होता. काशव्वा माझ्या तोंडाकडं बघत होती.

"वळखलं हुतं तिनं?" मावशी म्हणाली. इतकी वर्षं तिकडं काढून तिची बोली तशीच होती.

"वाटीत खजूर भरून दिले होते. तू निघून गेली होतीस."

"मी आणखी जरा बसायला पायजे हुतं," मावशी म्हणाली. "भिंतीपलीकडनं तुजा आवाज येत हुता गं. तू काय तरी म्हणालीस आणि मग सगळं गप झालं. म्हटलं, न्हाय वळखलं." ती रडत होती. माझ्या हातातला फोन ओला लागला तेव्हा मला कळलं, मीही.

मग मी विचारलं, तबकाचं काय करू? तिकडं पाठवू का? कुणाचं ते तर अजून ठरलं नाही.

"पाठवू नको. मलिदा कर त्यात," मावशी म्हणाली. "आजच कर, तिथंच. काशव्वाला दे, गल्लीत वाट." तिनं नाक ओढलं आणि आवाज थोडा वर नेला, मोठ्या बहिणीचा. "आणि वेलदोडा बेतानं घाल. दीनाला जास्त चालत न्हाय."

मी बरं म्हटलं. काशव्वा पोहे आणायला उठली होती.